३१ मुलं आणि एक हजेरीवही

तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर माझ्या डान्स क्लासमध्ये ८४ विद्यार्थी होते. पुढच्या महिन्याच्या अखेरीस ५३ उरले. मधल्या पाच आठवड्यांत घडलं ते एवढंच: माझ्याकडे शिकवणाऱ्या सहशिक्षिकेनं काम सोडलं, चालत दहा मिनिटांवर स्वतःचा क्लास काढला आणि ३१ मुलं तिच्याकडे गेली.

नाच शिकवणाऱ्या ज्या ज्या व्यक्तीशी मी याबद्दल बोलले, तिच्याकडे या गोष्टीचं काही ना काही रूप निघालंच. कुणाला कुणी सोडून गेलेलं, कुणी स्वतः बाहेर पडलेलं. माझ्या बाबतीत दोन्ही खरं आहे. मीही आधी एका क्लासमध्ये सहशिक्षिका होते. तिथून निघाले तेव्हा माझ्यामागून चार मुली आल्या होत्या, आणि मला त्यात काडीचंही गैर वाटलं नव्हतं. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट लक्षात असू द्या. मला ती आठवायला बराच वेळ लागला.

तेव्हाची घडी

हॉल ३० बाय २२ फुटांचा, म्हणजे ६६० चौरस फूट. हातपाय मोकळे पसरून नाचायचं तर लहान मुलाला साधारण ३० चौरस फूट लागतात, मोठ्या माणसाला ५० च्या वर. म्हणजे लहान मुलं फार तर बावीस, मोठी माणसं बारा. दाराजवळची जागा सोडून मी लहान मुलांची बॅच १६ वर थांबवत होते. त्याहून जास्त घेतली, की मागची ओळ भिंतीला चिकटते आणि मागच्या ओळीतलं मूल नाच शिकत नाही, अंग चोरायला शिकतं.

बॅचेस अशा होत्या: सहा ते आठ वर्षांच्या नवख्या मुलांच्या दोन, १६-१६ च्या. नऊ ते बारा वयाच्या दोन, एकीत १४, दुसरीत १३. किशोरवयीनांची एक, १० जणांची. प्रौढांची एक, ९ जणांची. आणि माझी सीनियर बॅच, सहा मुलींची. सीनियर सोडून सगळ्यांना आठवड्याला दोन तास, सीनियरना सहा. फी मात्र सगळ्यांना सारखीच, कारण सुरुवातीला मी एकच आकडा ठरवला आणि तो बदलायचा मला संकोच वाटत राहिला.

हिशेब मी पैशांत न मांडता फीमध्येच मांडते. एका विद्यार्थ्याची महिन्याची फी हे माप धरा. हॉलचं भाडं म्हणजे २५ फी. सहशिक्षिकेचं मानधन १५. वीज, साफसफाई, साउंड सिस्टिमची डागडुजी आणि किरकोळ मिळून १०. फरशी आणि आरशांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता १२. एकूण ६२. माझ्याकडे उरायच्या २२, आणि त्यातूनच वार्षिक कार्यक्रमाची तूट भरायची. तिकिटं विकूनही कार्यक्रम दरवर्षी ६० फी घेऊन जायचा, म्हणजे महिन्याला ५. राहिल्या १७. त्यावर माझं घर चालत होतं. श्रीमंती नव्हती, पण चालत होतं.

त्या १२ फीच्या हप्त्याबद्दल थोडं सांगते, कारण नवीन क्लास काढणारे मला सगळ्यात आधी आरशांबद्दल विचारतात. मीही आरसेच आधी लावले होते. खाली सिमेंटच्या कोब्यावर थेट विनाइल अंथरलं. दिसायला झकास. आठ महिन्यांत किशोरवयीन बॅचमधल्या तिघींच्या नडग्या दुखायला लागल्या. उडी मारून खाली आलं, की जो दणका बसतो तो कुठेतरी जिरायला हवा. जमीन तो जिरवत नसेल, तर हाडं आणि सांधे जिरवतात. त्यात हे वय वाढीचं. हाडं भराभर लांबतात, स्नायू मागे पडतात आणि काल सहज जाणारा पाय आज जात नाही. मूल आळशी झालं असं आपल्याला वाटतं आणि आपण अजून जोर लावतो. दुसऱ्या वर्षी मी विनाइल उचललं, खाली रबराच्या तुकड्यांवर लाकडी पट्ट्या, त्यावर प्लायवूडचे दोन थर एकमेकांना आडवे, आणि मग पुन्हा तेच विनाइल घातलं. (नाचाच्या या विनाइलला सगळीकडे मार्ली म्हणतात. मार्ली हे मुळात ते बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं नाव.) कर्ज झालं. त्या कर्जाची मला एक दिवसही खंत वाटलेली नाही. हातात पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर जमीन करा. आरशाशिवाय नाच शिकता येतो.

ती गेल्यावरचे तीन आठवडे

८४ वजा ३१, म्हणजे ५३. सहशिक्षिकेचं मानधन वाचलं, तेव्हा खर्च ४७. हातात सहा फी, आणि कार्यक्रमाची तूट धरली तर एक.

मी आधी हिशेब केला नाही. आधी मी चिडले. तीन आठवडे मी प्रत्येक ओळखीच्या माणसाला हेच सांगत होते, की तिला मी घडवलं, माझ्या हॉलमध्ये, माझ्या जमिनीवर, आणि तिनं माझा क्लास फोडला. तिच्या पहिल्या छोट्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी पाठवला. त्यात माझ्या बालगटाचा नाच होता, रचना तीच, शेवटची रांगही तशीच. तो मी रात्री किती वेळा पाहिला याची गणती नाही.

वकिलांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, करारपत्र कुठे आहे? करारपत्र नव्हतं. तिनं सगळा काळ तोंडी बोलीवर काम केलं होतं. पुढे त्यांनी हेही सांगितलं, की ‘अमुक वर्षं, अमुक परिसरात शिकवणार नाही’ असं लिहून घेतलं असतं तरी त्यावर फार विसंबता आलं नसतं. माणसाचं पोट ज्या कामावर आहे तेच करू नको, अशी अट न्यायालयं अनेक देशांत सहजासहजी उचलून धरत नाहीत. विद्यार्थ्यांची यादी आणि फोन नंबर घेऊन जाऊ नये, ही अट जास्त टिकाऊ. तीही मी घातली नव्हती.

नृत्यरचनेचा मुद्दा वेगळा होता. रचनेवर हक्क असतो. साहित्य आणि कलाकृतींच्या हक्कांचा बर्न करार १८८६ चा, आणि १९०८ मध्ये बर्लिनला त्यात सुधारणा झाली तेव्हापासून नृत्यरचना त्यात नाव घेऊन आहे. पण हक्क पूर्ण रचनेवर. सुट्या पदन्यासावर, गिरकीवर, रोजच्या व्यायामावर कुणाचीही मालकी नाही. शिवाय रचना कुठेतरी नोंदलेली हवी. माझ्याकडे व्हिडिओ होता. मी तो पुरावा म्हणून लावून बसले आणि पहिल्यांदाच तो नाच तिऱ्हाइताच्या नजरेनं पाहिला. सुरुवातीच्या दोन ओळी माझ्या. मधला सगळा भाग, मुलं बसून हातांनी लाट करतात तो, आणि ती शेवटची रांगसुद्धा, तिनं बसवलेली. त्या महिन्यात मी सीनियर बॅचच्या तयारीत होते. मी तिला म्हटलं होतं, ‘बालगटाचं तू बघून घे.’ तिनं बघून घेतलं होतं.

वकिलांकडे मी पुन्हा गेले नाही.

कुणी कुठे शिकवायचं यावरचं भांडण तसं फार जुनं आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं १६६१ मध्ये १३ नृत्यगुरूंची राजेशाही अकादमी स्थापन केली, तेव्हा तोवर नाच शिकवण्याचा मक्ता सांभाळणारा वादकांचा संघ खवळून उठला होता. त्या भांडणात राजा एका बाजूला होता. माझ्या भांडणात माझ्या बाजूला फक्त हजेरीवही होती, आणि ती पुढे माझ्याच विरोधात निघाली.

हजेरीवही

गेलेल्या ३१ नावांवर मी पेन्सिलीनं खूण केली. दोन्ही नवख्या बॅचमधली मिळून २२. नऊ ते बाराच्या पहिल्या बॅचमधली ७. उरलेल्या सगळ्या क्लासमधून मिळून २.

पहिल्या तिन्ही बॅचेस ती शिकवत होती. म्हणजे ३१ पैकी २९ मुलं तिच्याच हाताखालची. मी स्वतः शिकवत होते त्यातली दोन गेली, आणि त्यातली एक तर तिथे धाकटी बहीण गेली म्हणून.

मग मी रकान्याच्या डोक्यावरच्या सह्या बघितल्या. कोणत्या दिवशी कुणी शिकवलं, त्याची सही तिथे असते. त्या तीन बॅचेसवर माझी शेवटची सही पाच महिन्यांपूर्वीची होती.

पाच महिने. सहा वर्षांच्या मुलासाठी ते जवळजवळ सगळं आयुष्य. त्या ४६ मुलांनी मला पाहिलं होतं ते दारातून आत येताना, फोनवर बोलत ऑफिसच्या खोलीत जाताना, आणि कार्यक्रमात माइकवर.

एका मुलीच्या आईला मी फोन केला. परत बोलवायला नव्हे, कारण विचारायला. असं मी स्वतःला सांगत होते, पण मनात आशा होतीच. त्या फार सभ्यपणे म्हणाल्या, ‘ताई, आम्ही तुम्हाला सोडलं नाही हो. आम्हाला तुम्ही माहीतच नव्हता. हिच्यासाठी डान्स म्हणजे त्या ताई.’

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप तिनं केलेला होता. कुठल्या मुलाला दमा आहे, कुणाला मोठ्या आवाजाची भीती वाटते, कुणाचे आईवडील आळीपाळीनं न्यायला येतात, हे तिला माहीत होतं. माझ्या वहीत नाव, आडनाव, फी भरली की नाही. एवढंच. ‘माझे विद्यार्थी’ असं मी म्हणत होते, पण त्यांच्याबद्दल मला ठाऊक होती ती फक्त थकबाकी.

फीत

राहिलेल्या दहा नवख्यांची बॅच आता मला घ्यावी लागली. तो तास मी विसरणार नाही.

मी मुलांकडे तोंड करून उभी राहिले, ‘उजवा पाय’ म्हटलं आणि माझा उजवा पाय पुढे टाकला. निम्म्यांनी उजवा टाकला, कारण त्यांनी शब्द ऐकला. निम्म्यांनी डावा टाकला, कारण त्यांनी मला पाहिलं. दोघं एकमेकांवर आदळले. लहान मुलांसमोर तोंड करून उभं राहिलं, की आपण आरसा व्हायचं असतं: तोंडानं उजवा म्हणायचं आणि स्वतःचा डावा टाकायचा. हे मला येत होतं. पण सीनियर मुली पाठीमागून बघून उचलतात, त्यामुळे माझी सवय मोडली होती.

चवथ्या मिनिटाला एक मुलगा जमिनीवर आडवा झाला. एक मुलगी माझ्याजवळ आली, डावं मनगट पुढे केलं आणि उभी राहिली. मला कळेना. ती म्हणाली, ‘फीत.’

कपाटात एका डब्यात लाल फितीचे तुकडे होते, एका मापाचे कापलेले, टोकं मेणबत्तीवर धरून पक्की केलेली. सहशिक्षिका प्रत्येक तासाच्या आधी प्रत्येकाच्या डाव्या मनगटावर फीत बांधायची. मग ‘उजवा-डावा’ म्हणायचीच नाही. ‘फितीचा हात’, ‘बिनफितीचा हात’. फीत बांधताना प्रत्येक मुलाशी अर्धा मिनिट बोलणं व्हायचं, आज शाळेत काय झालं, पाय दुखतोय का. १६ मुलं, आठ मिनिटं. ती तासाच्या दहा मिनिटं आधी का येते हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दहा मिनिटांचे पैसेही मी देत नव्हते. मानधन तासावर होतं, आणि तास म्हणजे साठ मिनिटं.

वार्षिक कार्यक्रमाच्या आधी नऊ रविवार तालमी असायच्या. त्यांचेही नाही. ‘कार्यक्रम तर सगळ्यांचाच’ असं मी म्हणायचे, आणि ते मला खरंच तसं वाटायचं. जाण्याच्या चार महिने आधी तिनं एकदा विषय काढला होता. मी म्हटलं, ‘शो झाल्यावर बघू.’ शो झाला. मी बघितलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही, आणि ते गप्प राहणं मी समाधान समजले.

तास

एवढं झाल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर आठवड्याचे तास मांडले. हॉलचं भाडं आठवड्याच्या १६८ तासांचं जातं. त्यातले विकले जाणारे तास किती? शाळा आणि ऑफिसं सुटल्यावर, सोमवार ते शुक्रवार साडेचार ते साडेआठ: वीस. शनिवार-रविवार चार-चार: आठ. एकूण २८. डान्स क्लासचं खरं भांडवल एवढंच. त्यातले मी १८ वापरत होते, म्हणजे भाड्यापोटी दर तासामागे जवळजवळ दीड फी.

नवख्यांची बॅच: १६ फी, दोन तास. तासाला आठ. सीनियर बॅच: ६ फी, सहा तास. तासाला एक. माझ्या सगळ्यात लाडक्या बॅचचा तास स्वतःचं भाडंही भरत नव्हता. आणि ते सहा तास कुठले, तर सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहा ते आठ. त्याच वेळेसाठी नवख्या मुलांचे पालक विचारून परत जात होते.

इथे एक चूक सहज होऊ शकते, आणि मला तिचा सल्लाही मिळाला: सीनियर बॅच बंद कर. मी केली नाही, आणि आजही करू नये असंच म्हणेन. पाच-सात वर्षं शिकलेली मुलगी नाचताना दिसली नाही, तर सहा वर्षांच्या मुलीनं कशाकडे बघून यायचं? उद्या शिकवणार कोण? त्या मुलींना वाढवायलाच तर मी क्लास काढला होता. प्रश्न फक्त वेळेचा होता. त्यांना मी शनिवार आणि रविवारी सकाळी सात ते साडेनऊ बोलावलं. ती वेळ दुसरं कुणी घेत नाही. सहाजणींत दोघींना ते जमणार नव्हतं. एक रडली. दुसरीनं पुढच्या आठवड्यात क्लास सोडला. ती माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होती. त्याचं दुःख हिशेब बरोबर आला म्हणून कमी झालं नाही.

मोकळ्या झालेल्या सहा तासांत हळूहळू तीन बॅचेस बसल्या. नवख्यांची प्रत्येक बॅच पहिले दोन महिने मी स्वतः घेतली आणि नंतरही महिन्यातून एकदा, तारीख ठरवून. त्या दिवशी वहीत माझी सही असते.

बाकीचे बदल झटपट सांगते. फी महिन्यावरून बारा आठवड्यांच्या सत्रावर आणली, आगाऊ, चुकलेले दोन तास दुसऱ्या बॅचमध्ये भरून घेण्याच्या सवलतीसह. त्यामुळे सुटीच्या महिन्यात हात आखडण्याचा प्रकार थांबला. सीनियरच्या सहाऐवजी पाच तासांची फी दुप्पट केली. सांगताना घसा कोरडा पडला होता, पालक मात्र सहज ‘हो’ म्हणाले. गाणी वाजवण्याचा रीतसर परवाना घेतला. घरी ऐकण्यासाठी भरलेली वर्गणी क्लाससाठी चालत नाही. वार्षिक कार्यक्रम दोन वर्षांतून एकदा केला आणि मधल्या काळात दर सत्राच्या शेवटी पालकांना वर्गातच बसवलं. तासाच्या वेळी दार काचेचं आणि उघडं, मुलाचा पाय किंवा पाठ हातानं सरळ करण्याआधी त्याला विचारायचं, हे नियम भिंतीवर लिहिले, माझ्यासकट सगळ्यांसाठी.

शिक्षकांशी आता लेखी करार असतो, दोन पानांचा. शिकवण्याच्या तासाला अमुक, तयारीच्या आणि फीत बांधण्याच्या वेळेला अमुक, तालमीला अमुक. कुणी बसवलेली रचना कुणाची, आणि सोडून गेल्यावर ती दोघांनाही वापरता येईल का, हे लिहिलेलं. पालकांचे नंबर क्लासच्या फोनवर. जवळपास क्लास काढू नये अशी अट नाही. वकील घाला म्हणत होते. मला त्या चार मुली आठवल्या ज्या माझ्यामागून आल्या होत्या, आणि ती अट माझ्या हातून लिहिली गेली नाही.

पहिल्या वर्षाअखेरीस ६१ विद्यार्थी झाले, दुसऱ्या वर्षाअखेरीस ७८. गेलेल्या ३१ पैकी परत आलं एक मूल, तेही घर बदललं म्हणून. तिचा क्लास चालू आहे, चांगला चालतो असं ऐकते. एका स्पर्धेच्या विंगेत आम्ही समोरासमोर आलो. तिच्या मुलांच्या मनगटांवर लाल फिती होत्या. मी म्हटलं, तुझा डबा अजून माझ्या कपाटात आहे. ती म्हणाली, राहू द्या, ताई, तुमच्या मुलांना लागेल. तेवढंच बोलणं झालं, कारण तिची मुलं मंचावर जायची होती.

मंगळवारची नवख्यांची बॅच आता माझ्या सीनियरमधलीच एक मुलगी घेते. गेल्या महिन्यात ती तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, ‘ताई, एक विचारायचं होतं. तयारीला मला दहा नाही, वीस मिनिटं लागतात.’ सत्राचा शेवट होता, पालक बाहेर उभे होते, सत्राअखेरच्या दिवसाची यादी हातात होती. मी यादी खाली ठेवली, वही उघडली आणि तिच्यासमोरच आकडा बदलला, त्याच महिन्यापासून.